जमिनीला टेकलेली शेपटी

विज्ञानाची ओळख शाळेच्या पुस्तकातून होते असे मानण्याचा प्रघात असला, तरी डायनोसॉर कसा दिसत होता या प्रश्नाचे जे उत्तर सर्वसामान्य माणसाच्या मनात पक्के बसलेले असते ते सहसा पुस्तकातून आलेले नसते. ते कुठल्या तरी संग्रहालयाच्या दालनात लोखंडी सळयांवर तोललेल्या सांगाड्यातून निघालेले असते आणि त्या सांगाड्याच्या छायाचित्रांतून, चित्रपटांतून, प्लॅस्टिकच्या खेळण्यांतून आणि वह्यांच्या मुखपृष्ठांवरून झिरपत त्याच्यापर्यंत पोचलेले असते. ज्याने आयुष्यात एकाही संग्रहालयाची पायरी चढलेली नाही, त्याच्याही डोक्यातला डायनोसॉर मूळचा संग्रहालयातलाच असतो.

नागपूरच्या १८६३ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयाला शहरातली माणसे 'अजब बंगला' म्हणतात, आणि या नावात संग्रहालयाकडे बघण्याची जुनी दृष्टी जशीच्या तशी टिकून आहे: तिथे जायचे ते काहीतरी अजब बघायला, एखादे विधान तपासून पाहायला नव्हे. विज्ञानविषयक प्रदर्शनाची सारी ताकद आणि सारी अडचण इथेच आहे. पुराजीवशास्त्र, म्हणजे खडकांत अश्मीभूत होऊन राहिलेल्या अवशेषांवरून पूर्वीच्या सजीवांचा अभ्यास करणारे शास्त्र, आपले निष्कर्ष शोधनिबंधात मांडते तेव्हा भाषेची सगळी सावध साधने त्याच्या हाताशी असतात; 'बहुधा', 'असे दिसते', 'आणखी पुरावा मिळाल्यास' असे म्हणण्याची सोय असते. मराठी व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ सांगितले जातात. लोखंडाच्या सळईला त्यांपैकी फक्त स्वार्थ येतो. सांगाड्याची मान वर असते किंवा खाली असते, ती 'वर असावी' अशा स्थितीत उभी करता येत नाही.

दालनातला सांगाडा खडकातून तसाच्या तसा उचलून आणलेला नसतो, ही गोष्ट प्रेक्षकाच्या सहसा ध्यानात येत नाही. हाडे बहुतेक वेळा विखुरलेली, चेपलेली, अर्धी झिजलेली अशी मिळतात. कोट्यवधी वर्षांत त्यांच्यात खनिजे मुरून ती दगडाइतकी जड झालेली असतात, त्यामुळे ती आपल्या बळावर उभी राहूच शकत नाहीत. म्हणून आधी लोखंडाची आधारचौकट घडवावी लागते आणि तिच्यावर हाडे बसवावी लागतात. जी हाडे मिळालेलीच नसतात ती त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याची घेतली जातात, तीही नसली तर जवळच्या नात्यातल्या जातीची, आणि तेवढेही जमले नाही तर शिल्पकार ती प्लास्टरमध्ये घडवतो. प्रत्येक सांध्याचा कोन कुणीतरी ठरवलेला असतो, आणि तो ठरवताना त्या कुणाच्या तरी डोळ्यांपुढे एखादा जिवंत प्राणी असतो. हा जिवंत प्राणी कोणता, यावर पुढच्या दोन-तीन पिढ्यांची समजूत अवलंबून राहते.

लंडनच्या दक्षिणेला सिडनहॅम येथे १८५४ साली क्रिस्टल पॅलेसच्या बागेत जे पुतळे उभारले गेले त्यांच्यापुढे असलेला जिवंत प्राणी गेंडा होता. 'डायनोसॉर' या गटाला १८४२ मध्ये नाव देणारे शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांच्या सल्ल्याने शिल्पकार बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनी विटा, लोखंड आणि सिमेंट वापरून हे पूर्णाकृती प्राणी घडवले, आणि त्यांतला इग्वानोडॉन चार खांबांसारख्या पायांवर उभा असलेला, नाकावर शिंग असलेला, जाडजूड असा झाला. त्याच्या साच्यात बसून ३१ डिसेंबर १८५३ च्या रात्री विद्वानांची मेजवानी झाली होती, यावरून त्या उद्योगातला उत्साह कळतो. गिडियन मँटेल यांनी १८२५ मध्ये या प्राण्याचे वर्णन केले ते मुख्यतः दातांवरून. पुढे मिळालेले एक शंकूच्या आकाराचे हाड नाकावर बसवले गेले, कारण ते ठेवायला दुसरी जागा सुचत नव्हती. पण बाग पाहायला आलेल्या हजारो लोकांपुढे ही अडचण कुणी मांडली नाही. त्यांच्यापुढे होता तो विटा-सिमेंटचा, पावसात भिजणारा, निःशंक प्राणी.

अवघ्या चार वर्षांत, १८५८ मध्ये, अमेरिकेतल्या न्यू जर्सीत मिळालेल्या हॅड्रोसॉरसचे वर्णन करताना जोसेफ लायडी यांनी दाखवून दिले की या प्राण्याचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा बरेच आखूड आहेत आणि तो कांगारूसारखा मागच्या पायांवर उभा राहत असावा. त्याचा सांगाडा १८६८ मध्ये फिलाडेल्फियाच्या अकादमीत उभा राहिला, आणि जगात लोकांसाठी मांडलेला तो पहिला डायनोसॉरचा सांगाडा होय. गंमत अशी की तो उभारणारे शिल्पकार पुन्हा हॉकिन्सच होते. कवटी मिळालेली नसल्यामुळे त्यांनी ती इग्वाना या आजच्या सरड्यावरून प्लास्टरमध्ये घडवली. निम्म्याहून अधिक हाडे अशीच घडवलेली होती. अकादमीत माणसांची रीघ लागली. सिडनहॅमचे पुतळे मात्र जागचे हलले नाहीत, ते आजही तिथेच आहेत.

नाकावरच्या शिंगाचा निकाल बेल्जियममध्ये लागला. बर्निसार या गावच्या कोळशाच्या खाणीत १८७८ मध्ये, जमिनीखाली सुमारे ३२२ मीटर खोलीवर, तीसहून अधिक इग्वानोडॉन एकत्र सापडले, त्यांतले कित्येक अख्खे, आणि ते शिंग म्हणजे हाताच्या अंगठ्यावरचा अणकुचीदार काटा असल्याचे स्वच्छ दिसून आले. पहिला सांगाडा १८८२ मध्ये ब्रुसेल्सच्या एका जुन्या प्रार्थनागृहात, छतापासून सोडलेल्या दोरांच्या आधाराने, जोडला गेला. त्या वेळी तुलनेसाठी दोन प्राण्यांचे सांगाडे शेजारी ठेवलेले होते, एक शहामृगासारख्या न उडणाऱ्या मोठ्या पक्ष्याचा आणि दुसरा कांगारूच्या जातभाईचा. परिणाम अपेक्षित तोच झाला: इग्वानोडॉन ताठ उभा राहिला, छाती वर आणि शेपटी मागे जमिनीला टेकलेली. या शेपटीच्या मणक्यांवर कंडरांचे, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्यांचे, जाळे होते, आणि त्या कंडरा जिवंतपणीच हाडासारख्या कडक झालेल्या असल्यामुळे शेपटी सरळ आणि ताठच राहायला हवी होती. ती जमिनीला टेकेल इतकी वाकवायची तर मोडावीच लागेल, हे डेव्हिड नॉर्मन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या सविस्तर अभ्यासात दाखवले. पुरावा जवळजवळ शंभर वर्षे सगळ्यांसमोर, त्याच सांगाड्यावर होता. पण कांगारूचे चित्र डोळ्यांत एवढे भरले होते की हाडांचे म्हणणे कुणाला ऐकू गेले नाही.

या सगळ्यात लोकांच्या मनावर सर्वांत खोल उमटलेला सांगाडा अर्थातच टायरॅनोसॉरस रेक्सचा. बार्नम ब्राउन यांनी मोंटानातून खणून आणलेल्या या प्राण्याला हेन्री फेअरफील्ड ऑस्बर्न यांनी १९०५ मध्ये नाव दिले, आणि १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत त्याचा सांगाडा उभा राहिला. मूळ बेत याहून धाडसी होता. एका भक्ष्यावर तुटून पडलेले दोन टायरॅनोसॉरस, त्यांतला एक वाकलेला आणि दुसरा झेप घेण्याच्या तयारीत, अशी रचना ठरली होती, आणि त्यासाठी मूळ आकाराच्या एक षष्ठांश एवढे लहान नमुने घडवून सांध्यांच्या हालचाली तपासल्याही होत्या. पण एवढी जड हाडे तशा पवित्र्यात तोलून धरणे जमण्यासारखे नव्हते. अखेरीस एकच प्राणी ताठ उभा केला गेला. दोन पाय आणि जमिनीला टेकलेली शेपटी अशी ती तिवई झाली, आणि तिवई डळमळत नाही हे सुताराला जसे ठाऊक असते तसेच सांगाडा उभारणाऱ्यालाही असते. डायनोसॉर म्हणजे अवाढव्य सरडे, ही त्या काळची समजूत आणि ही यांत्रिक सोय इथे एकमेकींच्या मदतीला आल्या. हात पूर्ण मिळाले नव्हते, म्हणून अॅलोसॉरस या दुसऱ्या मांसाहारी डायनोसॉरवरून तीन बोटांचे हात बसवले गेले. टायरॅनोसॉरसला प्रत्यक्षात दोनच बोटे होती.

दालनातला हा राक्षस तिथून शहराबाहेर पडला. चार्ल्स नाइट यांच्या चित्रांनी संग्रहालयांच्या भिंती सजवल्या. १९३३ मध्ये पडद्यावर किंग काँगशी झुंजलेला प्राणी त्याच घराण्यातला होता, १९४० च्या 'फँटेशिया'तलाही, आणि १९५४ मध्ये जपानच्या समुद्रातून वर आलेला गॉडझिला म्हणजे त्याच उभ्या पवित्र्यात, शेपटी ओढत चालणारा, आत माणूस मावेल असा पोशाख. इथे एक गोष्ट मान्य करायला हवी, की उभा प्राणी माणसासारखा दिसतो, समोरून अंगावर येतो, आणि म्हणून तो गोष्टीत शोभतो. विज्ञानाच्या चुका टिकतात त्या पुष्कळदा अशा, गोष्टीला सोयीच्या असल्यामुळे.

शास्त्रज्ञांचे मत मात्र बदलत होते. डायनोसॉरांच्या पावलांचे ठसे जगभर असंख्य ठिकाणी मिळतात, पण त्यांच्यामध्ये शेपटी घासत गेल्याची रेघ क्वचितच दिसते. बी. एच. न्यूमन यांनी १९७० मध्ये टायरॅनोसॉरसच्या उभे राहण्याचा आणि चालण्याचा नव्याने अभ्यास करून पाठीचा कणा जवळजवळ जमिनीला समांतर असायला हवा असे मांडले: पुढे जड डोके, मागे तेवढीच जड शेपटी आणि मध्ये कमरेवर तोल, तराजूच्या दांडीसारखा. न्यूयॉर्कचा सांगाडा या नव्या पवित्र्यात लोकांपुढे आला तो १९९५ मध्ये. म्हणजे शोधनिबंध आणि सळई यांच्यात पंचवीस वर्षांचे अंतर पडले, आणि चुकीचा पवित्रा एकूण ऐंशी वर्षांच्या आसपास लोकांच्या नजरेसमोर राहिला. याला संग्रहालयाचा आळस म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. जुनी, ठिसूळ हाडे सळयांतून सोडवणे, त्यांची डागडुजी करणे आणि नवी चौकट घडवणे हे काही वर्षांचे आणि मोठ्या खर्चाचे काम असते, आणि एका हातोड्याच्या चुकीने जगातला एकमेव पुरावा नष्ट होऊ शकतो.

सांगाडा बदलला म्हणून समजूत बदलते का, याचे उत्तर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून मिळते. अमेरिकेतल्या इथाका येथे रॉबर्ट रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांना आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना टायरॅनोसॉरस रेक्सचे चित्र काढायला सांगितले आणि त्या चित्रांत पाठीचा कणा जमिनीशी किती अंशांचा कोन करतो ते मोजले. ही पिढी 'जुरासिक पार्क' या १९९३ च्या चित्रपटानंतरची, पाठ आडवी ठेवून धावणारा टायरॅनोसॉरस पडद्यावर पाहून वाढलेली. तरीही बहुतेकांचे प्राणी १९१५ च्या पवित्र्यात, मान उंचावून, शेपटी टेकवून उभे होते. अभ्यासकांनी याचे कारण लहानपणापासून हाताळलेल्या खेळण्यांत आणि चित्रांत शोधले. चिखलात उमटलेला ठसा वाळून खडक व्हावा तशी ही गोष्ट आहे: पाऊल केव्हाच पुढे गेलेले असते.

डोक्याच्या बाबतीत याहून विचित्र प्रकार घडला. ओथनील मार्श यांनी १८७७ मध्ये अपॅटोसॉरस आणि १८७९ मध्ये ब्रॉन्टोसॉरस अशी दोन प्रचंड शाकाहारी प्राण्यांना नावे दिली. १९०३ मध्ये एल्मर रिग्ज यांनी दोन्ही एकच असल्याचे दाखवून जुन्या नावाला, म्हणजे अपॅटोसॉरसला, अग्रक्रम दिला, कारण नामकरणाच्या नियमांत आधी दिलेले नाव टिकते. पण दोनच वर्षांनी न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने आपला भव्य सांगाडा 'ब्रॉन्टोसॉरस' याच नावाने लोकांसमोर आणला आणि नावाचा निकाल तिथेच लागला. अमेरिकन टपाल खात्याने १९८९ मध्ये हेच नाव तिकिटावर छापले आणि तज्ज्ञांनी आक्षेप घेतल्यावर लोकांना तेच परिचयाचे असल्याचे सांगितले. त्या सांगाड्याचे डोकेही मुळातले नव्हते. पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयाचे संचालक विल्यम हॉलंड यांना यूटात सापडलेल्या सांगाड्याजवळ निमुळती, लांबट कवटी मिळाली होती आणि ती याच प्राण्याची असावी असे त्यांना वाटत होते. पण ऑस्बर्न यांचे मत उलट होते, त्या नावाचे वजनही मोठे होते, आणि हॉलंड यांनी अखेरपर्यंत आपला सांगाडा बिनडोक्याचा ठेवला. पुराजीवशास्त्राच्या प्रदर्शनांत यापेक्षा प्रामाणिक मांडणी क्वचितच झाली असेल. हॉलंड १९३२ मध्ये वारले, आणि त्यानंतर त्या मानेवर कॅमॅरासॉरस या वेगळ्याच प्राण्याचे आखूड, बोथट डोके बसवले गेले. जॉन मॅकिन्टॉश आणि डेव्हिड बर्मन यांनी जुन्या नोंदी आणि पत्रे धुंडाळून हॉलंड बरोबर होते हे सिद्ध केल्यावर १९७९ मध्ये ते उतरवण्यात आले. या कथेला आणखी एक वळण आहे: २०१५ मध्ये झालेल्या एका विस्तृत अभ्यासाने ब्रॉन्टोसॉरस हा अपॅटोसॉरसपासून पुरेसा वेगळा असल्याचे म्हटले, आणि लोकांनी कधीच न सोडलेले नाव शास्त्राकडे परत आले.

चूक एकेका सांगाड्यातच असते असे नाही; सांगाड्यांच्या ओळीतही असते. घोड्याच्या उत्क्रांतीची मांडणी पिढ्यान्‌पिढ्या एकाच प्रकारे केली गेली, डावीकडे कोल्ह्याएवढा, पायाला अनेक बोटे असलेला पूर्वज आणि उजवीकडे एकखुरी, उमदा, आजचा घोडा, मधले प्राणी उंचीने वाढत गेलेले. मजकुरात काहीही लिहिलेले असो, पाहणाऱ्याला ती ओळ शर्यतीसारखी दिसते: जणू घोडा व्हायचे आधीपासूनच ठरले होते. वास्तविक जीवाश्म सांगतात ते झुडपासारख्या फांद्यांबद्दल. अनेक जाती एकाच वेळी जगल्या, कित्येक आकाराने लहान होत गेल्या, आणि एक सोडून बाकी सगळ्या फांद्या सुकल्या. न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने १९९० च्या दशकातल्या नूतनीकरणात या बाबतीत जे केले ते विशेष लक्षात घेण्यासारखे आहे, कारण त्याने जुनी ओळ मोडली नाही. पुढच्या रांगेत ती तशीच ठेवून मागच्या रांगेत फांद्याफांद्यांची मांडणी केली, म्हणजे प्रेक्षकाला घोडे आणि घोड्यांविषयीचे बदललेले मत ही दोन्ही एकाच काचेआड दिसावीत.

याउलट सायन्स सेंटर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थांना, म्हणजे फ्रँक ओपनहायमर यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेल्या एक्स्प्लोरेटोरियमला किंवा १९८५ पासून वरळीत असलेल्या नेहरू विज्ञान केंद्राला, ही अडचण कमी भासते. तिथला लंबक मुलाच्या हाताने सुटतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत झोके घेतो, त्याला कुणाच्या अनुमानाची गरज नसते. मेलेल्या प्राण्यांच्या दालनाला ती सवलत नाही.

भारतात उभा असलेला बारापासॉरसचा सांगाडा या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. गोदावरी आणि प्राणहिता यांच्या खोऱ्यात, ज्या खडकांना गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचा तालुक्यातील कोटा या गावावरून नाव मिळाले आहे त्याच जुरासिक काळातल्या थरांत, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या भूवैज्ञानिकांना या प्राण्याची सुमारे ३०० हाडे मिळाली. उत्खनन १९६१ च्या सुमारास, रवींद्रनाथ ठाकूर यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, जोरात झाले म्हणून जातीला त्यांचे नाव, आणि मांडीचे हाड माणसाच्या उंचीच्या घरात जाणारे म्हणून प्रजातीला 'बारापा', बंगालीत मोठा पाय. ही हाडे किमान सहा वेगवेगळ्या प्राण्यांची आहेत, आणि मानेचे पुढचे मणके व कवटी त्यांत नाही, काही दात तेवढे आहेत. म्हणजे कोलकात्यात जो एक प्राणी उभा दिसतो तो कधीच एक प्राणी म्हणून जगलेला नाही, आणि त्याचे डोके कसे होते हे नात्यातल्या जातींवरूनच ठरवावे लागते. यात लपवण्यासारखे काहीच नाही. सहा प्राण्यांतून एक कसा जुळवला, कोणते हाड कोणत्या आकाराच्या प्राण्याचे हे कसे ओळखले, हीच खरे तर त्या शास्त्राची कसबाची बाजू आहे, आणि ती समजली तर तो सांगाडा अधिकच थोर वाटतो.

सांगाड्यातले खरे हाड कुठे संपते आणि प्लास्टर कुठे सुरू होते हे डोळ्यांना दिसावे म्हणून भरलेल्या भागाला किंचित वेगळी छटा देण्याची पद्धत आहे. जुन्या उभारणीत ती पुष्कळदा टाळली जाई, सगळे एकाच तपकिरी रंगात रंगवले जाई, कारण प्रेक्षकाला अख्खा प्राणी हवा असतो असे गृहीत धरलेले असे. दोन पावले पुढे जाऊन पाहिले की छटेतला फरक दिसतो आणि दोन पावले मागे आले की प्राणी पुन्हा अखंड होतो, एवढी साधी ती युक्ती आहे.

ब्रुसेल्सचे इग्वानोडॉन आज मोठ्या काचघरात आहेत. त्यांच्या हाडांत पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचे खनिज, भरलेले आहे, आणि हवेतल्या ओलाव्याशी त्याची गाठ पडली की ते फुगते आणि हाड आतून भुगा होऊ लागते. डिंकासारखी द्रव्ये मुरवून ती कशीबशी सांधून धरलेली आहेत. पवित्रा चुकीचा आहे हे संग्रहालयातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण सळया काढायला गेले तर सांगाडेच उरणार नाहीत, म्हणून १८८० च्या दशकात उभे केलेले हे प्राणी काचेमागे ताठ उभे आहेत, मोडूनच वाकवता आली असती अशी शेपटी जमिनीला टेकवून.